पायावरची मोडी

"कलम किसकी?"

"भैरव की!"

"स्याही किसकी?"

"हमारी!"

"और कागज?"

दोन-अडीचशे माणसांनी वाळूत पुरलेले पाय उपसून वर धरले. कुणाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कुणाची साडी पोटरीपर्यंत खोचलेली. लाकडी चौरंगावर बसलेले अक्षरनाथ महाराज ते पाय बघून प्रसन्न हसले. सगळ्या वर्गाने गृहपाठ आणला की मास्तर हसतात, तसे.

उज्जैनला भैरवगढच्या पलीकडे, शिप्रेच्या अंगाला एका शेतात महाराजांनी आश्रम थाटला होता. आश्रम म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्याखाली मांडवाएवढा उथळ हौद, ओल्या वाळूने भरलेला. चपला फाटकाबाहेर काढायच्या. हौदात झेंडूच्या माळा घातलेली पाच कुत्री आणि त्यांची पिल्लं हिंडायची, लोळायची, भक्तांनी आणलेली इमरती खायची आणि खाल्ल्यावर कुत्रं जे करतं तेही तिथेच करायची. भैरवाचं वाहन ते, त्याला कोण हटकणार?

चमत्कार असा, की दोन-तीन रविवार त्या वाळूत पाय पुरून बसलं की एखाद्याच्या तळपायावर, घोट्यावर, पोटरीवर बारीक लालसर रेघ उठायची. आणि ती रेघ चालायची. काल टाचेपाशी, आज घोट्याकडे, परवा वळसा घेऊन पुन्हा खाली. कुणी रंगवत नव्हतं, कुणी गोंदत नव्हतं. महाराज म्हणायचे, भैरव लिहितोय.

हवेतून अंगारा काढणारे आणि लिंबातून रक्त काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचं सोपं असतं, वेळेवर मनगट धरलं की खेळ खलास. इथे मनगट कुणाचं धरायचं? रेघ खरीच उठत होती आणि खरीच वाढत होती. ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या पायावरही उठली होती, म्हणून तर मी त्या रविवारी तिथे कडमडलो होतो.

मी श्रीकांत, जनावरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालो आणि आता टावर चौकाच्या मागे माझा स्वतःचा छोटा दवाखाना आहे. कुत्री-मांजरं येतात, त्यांचे मालकही येतात, आणि दोघांत जास्त समज कुणाला, हा प्रश्न मी रोज गिळतो. आदल्या रात्री माझ्या भाचीचा, मानसीचा फोन आला होता. "मामा, आईने इन्सुलिन बंद केलंय. पायाला सूज आली आहे. पपा ऐकूनच नाही राहिले. तुम्ही या ना."

विजयाताईला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार आहे. तिने इन्सुलिन का सोडलं, ते मला महाराजांच्या तोंडूनच ऐकायला मिळालं.

"सुन लो भई! दवा लगाई तो कलम टूटी! सुई चुभोई तो स्याही सूखी! फिर मत कहना, महाराज, आधा ही लिखा रह गया!"

लोकांनी जयजयकार केला. ताई पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पदराने पाय झाकला.

"अब हमारे दीवानजी बांचेंगे," महाराज म्हणाले आणि माझे मेहुणे भय्यासाहेब उठले.

भय्यासाहेबांची गोष्ट सांगायलाच हवी. उज्जैनच्या जुन्या मराठी घरांतलं हे एक घर. पूर्वज दरबारात लेखनिक होते, मोडी लिहायचे. घोड्याच्या चालीची ती झरझर, एकात एक गुंतलेली मोडी आता कोण वाचतं? भय्यासाहेबांना त्यांच्या आजोबांनी शिकवली होती. पण जन्म गेला वीज मंडळात आणि मोडीची चौकशी करायला कुणी कुत्रं आलं नाही. मुलीला रस नाही, पाहुण्यांना वेळ नाही. आणि मग एके दिवशी या महाराजांनी एका भक्ताच्या पोटरीवरची नागमोडी रेघ दाखवून त्यांना विचारलं, "साहब, ये आपके पुरखोंवाली लिखावट तो नहीं?"

झालं! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे बुडत्याला माइक मिळाला.

भय्यासाहेब एकेका पायाशी वाकत आणि वाचत. "इथे पाहा, 'कुलस्वामी'. हा वळसा म्हणजे 'रक्षण'. 'कुलस्वामी रक्षण करील.'" ज्याचा पाय तो रडत असे. गावातली मराठी घरं तर वेडी झाली होती. देव आपल्याशी आपल्याच जुन्या लिपीत बोलतोय, याहून मोठा मान काय!

मी हळूच विचारलं, "भय्यासाहेब, मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात ना? मग अक्षरं तिला टांगतात. इथे ती रेघ कुठाय?"

"ती माणसांसाठी असते, श्रीकांतराव," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "देवाला आखणी कशाला लागते?"

मी तोंड फिरवलं, तर पायाशी एक पिल्लू लुडबुडत होतं. पोट टम्म, पाय काटकुळे. सवयीने मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. पोटातले जंत रक्त पितात तेव्हा पिल्लाच्या हिरड्या अशा होतात. मी हौदातल्या ओल्या वाळूकडे पाहिलं, तिच्यात पुरलेल्या पायांकडे पाहिलं आणि रेघा कोण लिहितंय ते माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात महाराजांनी जाहीर केलं, "अगले इतवार विजया माताजी का पूर्णलेख! माताजी यहीं रहेंगी. लिखाई पूरी होने तक चरण रेत में रहेंगे, और दवा की छाया भी नहीं पड़ेगी!"

भय्यासाहेबांनी हात जोडले. सगळ्यांनी मग ताईच्या पायाला हात लावून घेतले.

दुपारी ताईच्या घरी मी तो पाय पाहिला. रेघ टाचेच्या बाजूने निघून घोट्याला वळसा घालत होती. पण मला रेघेची भीती नव्हती. ताईने खाजवून खाजवून बोटांच्या बेचक्यात जखम केली होती. तिथली कातडी काळसर पडली होती, पाऊल गरम होतं आणि दाबल्यावर पू येत होता.

"ताई, हे सडायला लागलंय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चल."

"श्रीकांतराव," दारातून भय्यासाहेबांचा आवाज आला, "तुम्ही गाई-म्हशींचे डॉक्टर. माणसांच्या मामल्यात दखल नका देऊ."

"गाय निदान दवा तरी घेते! तुम्ही हिचा पाय घालवून राहिलेत. भैरवाने नाही लिहिलं हे, कुत्र्याच्या जंताने लिहिलंय!"

"बस करा!" ते एवढ्या जोरात ओरडले की मानसी स्वयंपाकघरातून धावत आली. "आमच्या घराण्याची लिपी आहे ती. आणि तुम्ही जंत म्हणता?"

ते निघून गेले. ताई पलंगावर बसून राहिली. मी तिला धरून हलवायचंच काय ते बाकी होतं. "अगं, तुला तरी पटतं का हे? खरं सांग."

तिने पदर पायावर ओढून घेतला. मग म्हणाली, "खाज इतकी येते श्रीकांत, की रात्री भांड्यांच्या घासणीने घासते. पण यांना बघ ना. रविवारी सकाळी गाणी म्हणत दाढी करतात. लोक वाकून नमस्कार करतात. इतके खुश मी यांना कधी पाहिलंच नव्हतं. थोडे दिवसांची तर बात आहे."

मला रडू आलं आणि रागही आला. मी हात जोडले, तेव्हा कुठे तिने एक गोष्ट कबूल केली. मानसी देईल ते इन्सुलिन ती गुपचूप घेईल. शहरातल्या एका डॉक्टरांना मी फोटो पाठवले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की भरती व्हायलाच हवं, गोळ्यांवर ढकलू नका. पण भय्यासाहेबांना दुखवून ताई उंबरा ओलांडायला तयार नव्हती, आणि ती शुद्धीवर असताना तिला उचलून कसं न्यायचं?

आठवड्याच्या मधे, आश्रमात भक्त नसताना मानसी आणि मी तिकडे गेलो. मी बाटलीभर वाळू आणायला गेलो होतो, पण त्याहून जास्त काहीतरी बघून आलो. महाराजांचे दोन सेवक हौदात काम करत होते. एक जण दाताळ्याने कुत्र्यांची घाण वाळूत खालीवर करून कालवत होता. दुसरा पाइपने पाणी मारून वर ओली पोती पसरत होता. आणि जिथे भक्तांना चपला घालायला बंदी, तिथे हे दोघे गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून उभे होते.

"भैया, जूते पहनकर?" मानसीने विचारलं.

"महाराज का हुकुम है," दाताळेवाला सहज म्हणाला. "नंगे पैर गए तो छुट्टी."

म्हणजे महाराजांना ठाऊक होतं. जंताचं शास्त्र ठाऊक नसेल, पण अनवाणी गेलं की रेघ उठते आणि बूट घातले की उठत नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं.

दवाखान्यात मी वाळू मलमलीच्या फडक्यात बांधली आणि खालून बूच लावून कोमट पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात रात्रभर टांगून ठेवली. या अळ्यांना ऊब हवी असते. कोमट पाणी लागलं की ती उष्ण कातडी समजून त्या वाळूतून बाहेर पडतात. सकाळी नरसाळ्याच्या तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मानसीने डोळा लावला आणि "ईऽऽ" करून मागे सरली. थेंबात दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या.

मी भय्यासाहेबांना बोलावलं. ते आले, पाहिलं आणि थंडपणे म्हणाले, "कुठल्या मातीत किडे नसतात? म्हणून काय ते मोडी लिहितात?"

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला तरी प्रश्न रास्त होता. अळी आहे हे दाखवून भागत नव्हतं. मोडी नाही, हेही दाखवायला हवं होतं. आणि मोडी जाणणारा माणूस घरात एकच होता.

युक्ती मानसीची. तिने शनिवारी वडिलांपुढे मोबाइल धरला. "पपा, तीन भक्तांनी फोटो पाठवलेत. रेघेपुरतेच आहेत. वाचता का?"

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. पहिल्या फोटोत त्यांना दिसलं, 'निष्ठा ठेवावी'. दुसऱ्यात, 'पूर्वेकडील जमीन घेऊ नये'. तिसऱ्याला जरा वेळ लागला, पण तिथेही निघालं, 'संततीस सुख'. प्रत्येक वळण ते बोटाने दाखवत होते. आवाज रंगला होता.

मानसीचे डोळे भरले. "पपा, तिन्ही आईच्याच पायाचे आहेत. एकच फोटो आहे. दुसरा मी उलटा फिरवला, तिसरा आरशातल्यासारखा केला."

भय्यासाहेबांनी मोबाइल घेतला, स्वतः फिरवून पाहिला, परत फिरवला. मग ते आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. ताई मला म्हणाली, "फार लागलं रे त्यांना." तिच्या कपाळाला हात लावला तर अंग फणफणत होतं. मी ठरवलं, सकाळी ऐकायचं नाही, सरळ उचलून न्यायचं.

रविवारी सकाळी मी गाडी घेऊन पोचलो तर मानसी फाटकातच उभी. "मामा, मी अंघोळीला गेले होते. पपा आईला घेऊन निघून गेले. रिक्षा भैरवगढकडे गेली म्हणे."

देवास गेटच्या गर्दीतून मी गाडी कशी काढली, ते मला आठवत नाही. ताईचा पाय पुन्हा त्या वाळूत गेला, तर पायच काय, तीसुद्धा हाती लागणार नव्हती. मानसी शेजारी बसून एकच म्हणत होती, "मी फोटो दाखवायलाच नको होते. जिद्दीला पेटले ते."

आश्रमाच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी रिक्षा उभी होती. रिक्षात ताई होती. पायात मोजे, मोज्यांवर चपला.

"इथे काय करते आहेस?" मी ओरडलोच.

"हे म्हणाले, उतरू नको. माझं एक काम आहे, मग हॉस्पिटलला जाऊ," ती ग्लानीत म्हणाली.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर भय्यासाहेबांचा आवाज घुमला. "भाइयों, मोडी मुझे आती है. और ये मोडी नहीं है."

ताईला मानसीवर सोपवून मी आत पळालो. चौरंगाशेजारी भय्यासाहेब उभे होते.

"मैंने जो पढ़ा, सब मेरे मन का था," ते म्हणाले. "एक ही रेखा मैंने तीन बार पढ़ी और तीन अलग बातें निकलीं. जो लिखावट हर बार कुछ और कहे, वो लिखावट नहीं होती. मुझे माफ करना." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "श्रीकांतराव, या. जंताचं तुम्ही सांगा."

मी सांगितलं. ही कुत्र्याच्या पोटातल्या आकडेजंताची अळी आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी वाळूत पडतात, ओल आणि ऊब मिळाली की अळ्या निघतात आणि उघड्या कातडीतून आत शिरतात. कुत्र्याच्या अंगात त्यांना पोटापर्यंतचा रस्ता ठाऊक असतो. माणसाच्या अंगात त्या चुकतात आणि कातडीखालीच वाट शोधत फिरतात. तीच ही रेघ. काही आठवड्यांनी अळी आपोआप मरते, रेघ पुसते आणि महाराज म्हणतात, भैरवाने सही केली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून सूक्ष्मदर्शक आणि अळ्यांचं पाणी मी गाडीत घेतलंच होतं, ते आणून टेबलावर ठेवलं. लोकांनी रांग लावली. पहिल्याच बाईने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"नास्तिक है ये!" महाराज गरजले. "भैरव का कोप होगा! जिसका मन मैला, उसे रेत में कीड़े ही दिखेंगे!"

"आपका मन तो साफ है ना महाराज?" भय्यासाहेबांनी माइक सोडला नव्हता. "फिर खड़ाऊँ उतारिए और रेत में आइए. इतने महीनों में आपके चरणों पर एक अक्षर नहीं उठा. हम भी देखें, भैरव आपको क्या लिखते हैं."

महाराजांनी एकदा वाळूकडे पाहिलं. "गुरु कागज नहीं होता, बच्चा. गुरु तो..."

"गुरु के चेले गमबूट पहनते हैं!" मी ओरडलो. "बुलाओ उन्हें, पूछो!"

"उतरो ना महाराज!" मागून एक बाई किंचाळली. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर रेघा होत्या. "मेरे को बिठाया, मेरी सास को बिठाया, अब खुद उतरो!"

महाराज उतरले खरे, पण चौरंगाच्या मागच्या बाजूने. तिथे खोलीपर्यंत लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांवरून खडावा वाजवत ते आत गेले आणि दार लागलं. पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं.

पण त्या क्षणी लोकांचा राग भलतीकडेच वळला. कुणीतरी दगड उचलला आणि एका कुत्रीच्या पेकाटात घातला. मी मधे गेलो. "तिला का मारता? जंत तिलाही झालेत. दोन गोळ्यांचं काम आहे. ती काय माइकवर बोलली होती?" दगड खाली पडले. ती पाची कुत्री आणि पिल्लं मी नंतर दवाखान्यात नेली, जंताचं औषध दिलं आणि लसही टोचली.

ताईला मात्र दोन गोळ्यांनी भागलं नाही. अळी मेली, पण जखमेतलं विष खोल गेलं होतं. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण दोन बोटं काढावी लागली.

ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उशाशी भय्यासाहेब बसले होते. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. "विजया," ते म्हणाले, "तुला एवढं दुखत होतं, तर मला एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलंच कुठे?" ताई म्हणाली. "तुम्ही नुसतं वाचत होता."

ते उठून खिडकीशी गेले आणि लहान मुलासारखे हुंदके देत रडले. त्यांना समजवायला कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही.

मंडळी, तुमच्या दारात कुत्रं असेल तर त्याला जीव लावा, पण वेळच्या वेळी जंताचं औषधही द्या. त्याची घाण उचला, ओल्या मातीत आणि वाळूत अनवाणी जाऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका. अंगावर न समजणारी रेघ उठली तर तिचा अर्थ लावत बसू नका, डॉक्टर गाठा. चालू औषध बंद करा असं जो सांगतो, तो तुमच्या देवाचा कुणीही लागत नाही. आणि घरातल्या माणसाचं मन राखायचं म्हणून दुखणं लपवू नका. माझ्या ताईने लपवलं. आता ती भिंतीला धरून चालते.